कॅमेऱ्याचं आवर्तन

तात्यांनी उभी हयात पाटबंधारे खात्यात काढली. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा हडपसर, लोणी, यवत करत आमच्या वरवंडच्या शिवारात येतो आणि तसाच पुढं इंदापूरकडं जातो. त्याच्या या टप्प्यावर तात्या कालवा निरीक्षक होते. असली माणसं निवृत्त झाली की शेती बघतात, सोसायटीच्या निवडणुकीत पडतात, नाहीतर माळ घालून कीर्तनाला लागतात. तात्या कॅमेऱ्याला लागले.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. तात्यांना फोटो काढायची आवड अजिबात नाही. फोटो काढणं हा त्यांच्या मते कॅमेऱ्याच्या आयुष्यातला सगळ्यात धोक्याचा प्रसंग, आणि तो होता होईल तो टाळावा. त्यांची आवड कॅमेरा शाबूत ठेवण्याची. स्कूटरला रोज फडकं मारणारी आणि पावसात मात्र रिक्षानं जाणारी जी जमात आपल्याकडं गावोगाव आहे, तात्या त्या जमातीचे. फक्त यांच्या वाट्याला स्कूटरऐवजी निकॉन आला.

तो आणला थोरल्या मुलानं. मुलगा हिंजवडीला असतो. वडील निवृत्त झाले, वेळ जात नसेल, गावच्या व्हिक्टोरिया तलावावर जातील, पाखरं बघतील, अशा भाबड्या हिशोबानं त्यानं निकॉन डी ५६००, दोन लेन्सा आणि पाठीवरची बॅग असा सगळा सरंजाम आणून दिला. तात्यांनी कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी पुस्तिका वाचायला घेतली, आणि तीही शेवटाकडून. आयुष्यभर शासन निर्णय वाचलेल्या माणसाला ठाऊक असतं, खरी मेख मागच्या पानांतच मारलेली असते.

तिथं त्यांना हवं ते सापडलं. निकॉनवाले लिहितात की कॅमेरा हे नाजूक यंत्र आहे. दर एक-दोन वर्षांनी त्याची अधिकृत माणसाकडून तपासणी करून घ्यावी आणि तीन ते पाच वर्षांनी सर्व्हिसिंग. त्याचे पैसे पडतील, हेही कंसात सांगून ठेवलंय. पुढं आणखी एक ओळ आहे: जे कॅमेरा धंद्यासाठी वापरतात त्यांनी हे सगळं अधिक वेळा करावं. तात्यांनी वरच्या मजकुराखाली तांबड्या पेनानं दोन रेघा मारल्या. ती शेवटची ओळ ज्याच्यासाठी लिहिलेली होती तो तात्यांचा पुतण्या सोन्या. चौकात त्याचा फोटो स्टुडिओ आहे आणि त्याच्या कॅमेऱ्याची पुस्तिका अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर आलेली नाही.

निकॉनवाल्यांचं वर्ष-दोन वर्षांचं वेळापत्रक तात्यांना ढिसाळ वाटलं. एवढ्या सैल अंतरानं पाणी सोडलं तर कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याचा ऊस जळून जाईल. त्यांनी खात्याच्या शिस्तीनं वर्षाची तीन आवर्तनं बांधली: खरीप, रब्बी आणि उन्हाळी. खरीप आवर्तन मृगाच्या आधी. त्यात दमट हवेचा बंदोबस्त. रब्बी दिवाळीनंतर, तेव्हा धुळीचा. उन्हाळी आवर्तनात बॅटऱ्या, पट्टे, चेन आणि बॅगेची शिवण. शिवाय रोजचं गेज वेगळं. कालव्यावर जशी पाण्याची पातळी मांडायची तशी आता हवेतल्या ओलाव्याची मांडायची. त्यासाठी एक छोटं घड्याळासारखं यंत्र आणलं, आणि लांबडी नोंदवही घातली. ती मी पाहिली आहे. रकाने पट्टीनं आखलेले. दिनांक, वेळ, आर्द्रता, शेरा. सकाळी ८, आर्द्रता ४४, शेरा निरंक. सायंकाळी ६, आर्द्रता ४१, शेरा निरंक. पानंच्या पानं निरंक. मधेच एका जागी मात्र शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं आढळलं: ‘घरातून कुकर लावल्याने ५८. समज दिली.’

समज काकूंना, म्हणजे तात्यांच्या पत्नीला, दिली होती. ती त्यांनी घेतली की नाही, याची नोंद वहीत नाही.

कॅमेऱ्याचं बिऱ्हाड हवाबंद डब्यात. मूळचा डबा दिवाळीच्या चिवड्याचा. तो जप्त झाल्यापासून काकू चिवडा पातेल्यात ठेवतात आणि तो मऊ पडतो. डब्यात सिलिका जेलच्या पुरचुंड्या. हे निळे खडे कोरडे असले की निळे राहतात, ओलावा प्यायले की गुलाबी पडतात. पुन्हा तापवले की ओलावा सोडून निळे. हे तापवण्याचं काम तात्यांनी पहिल्यांदा पोळीच्या तव्यावर केलं. त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, तो पोटात जाणं बरं नव्हे, हे सुनेनं फोनवरून सांगितलं तेव्हा दोन दिवसांच्या पोळ्या खाऊन झाल्या होत्या. काकूंनी तवा भंगारवाल्याला दिला, नवा आणला, आणि त्याचा हिशोब घरखर्चात न धरता ‘कॅमेरा’ या खात्यावर लिहायला लावला. त्या दिवसापासून तात्या नारंगी खडे वापरतात. ते ओले झाले की हिरवे होतात. पण त्यांत तात्यांना राम वाटत नाही.

आता एवढा ओलाव्याचा धसका कशानं? आमचा दौंड तालुका काही कोकण नव्हे. उन्हाळ्यात इथं माणसाचे ओठ फुटतात, लेन्सला कसली बुरशी धरते! पण तात्यांच्या धास्तीला इतिहास आहे. त्यांच्याकडं पूर्वी एक यशिका एमएफ-२ होता. त्या काळात ज्याच्या घरी यशिका तो माणूस लग्नाच्या पत्रिकेत ‘विनीत’मधे नसला तरी पंगतीला पहिल्या ओळीत बसायचा. तात्यांनी तो यशिका जिवापाड जपला. मुलांना हात लावू दिला नाही. चामड्याच्या कव्हरात घातला, कव्हर मखमली पिशवीत, पिशवी लोखंडी कपाटातल्या तिजोरीच्या कप्प्यात, आणि सोबत चार डांबरगोळ्या. बरीच वर्षं तिकडं कुणी फिरकलं नाही. नातवाच्या बारशाला बाहेर काढला तर लेन्सच्या आत पांढऱ्या धाग्यांची जाळी पसरलेली, आणि सेल फुटून त्यांचा हिरवा-पांढरा क्षार तारांवर चढलेला.

बुरशीला लागतं काय? अंधार, कोंदट हवा, आणि कुणी हलवायला न येणं. चामडं ओलावा धरून ठेवतं. आणि निकॉनवाल्यांच्या त्याच पुस्तिकेत डांबरगोळ्या, कापूर असलं काही कॅमेऱ्याजवळ ठेवू नका, असं चक्क लिहिलंय. थोडक्यात, यशिका जपण्यानं गेला. तात्यांनी निष्कर्ष काढला तो उलटा: जपण्यात कुठंतरी कमी पडलो.

मग त्यांनी तो यशिका घरीच खोलायचा ठरवला. दुपारची वेळ, अंगणात चटई, पितळी ताटलीत स्क्रू ठेवायची सोय. जपानी कॅमेऱ्यांच्या स्क्रूंची फुली वेगळ्या मापाची असते, आपला साधा स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि फिरवला की डोकं खाऊन टाकतो. चारातले दोन स्क्रू तिथंच कामी आले. तिसरा निघाला आणि तात्यांचा अंगठा फ्लॅशच्या कपॅसिटरला लागला. फ्लॅश आधी एकदा चालवून बघितलेला असला, की सेल काढून ठेवले तरी त्या चिमुकल्या नळकांड्यात तीनशेच्या आसपास व्होल्ट दडून बसलेले असतात. तात्या चटईवरून उठले ते थेट तुळशीवृंदावनाजवळ उभे राहिले. ताटली उडाली. स्क्रू त्या दिवसापासून वरवंडच्या मातीत आहेत. काकू म्हणाल्या, “बरं झालं, त्यात अजून जीव तरी आहे.”

एरवी माणूस इथं थांबला असता. पण तात्यांकडं बाबूराव पेंटर आहेत. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी, दामल्यांना हाताशी धरून, १९१८च्या सुमाराला सिनेमाचा कॅमेरा स्वतःच तयार केला, ही गोष्ट तात्या कुणालाही, कुठंही सांगतात. तेराव्याच्या पंगतीतसुद्धा सांगितलेली मी ऐकली आहे. “कोल्हापुरात माणसानं अख्खा कॅमेरा घरी घडवला, आणि आपण नुसता पुसायचा नाही?” असा त्याचा शेवट. ऐकणारे माना डोलावतात. त्यातला पुढचा भाग तात्या सांगत नाहीत. पेंटरांनी कॅमेरा घडवला तो डब्यात ठेवायला नव्हे. १९२०मधे त्यांचा ‘सैरंध्री’ लोकांनी पडद्यावर पाहिला.

तात्यांचा पडदा म्हणजे घराची मागची भिंत. पुस्तिकेत असंही लिहिलंय की कॅमेरा महिन्यातून एकदा तरी बाहेर काढावा, चालू करावा आणि दोन-चार वेळा बटण दाबून ठेवावा, म्हणजे बुरशी धरत नाही. या कलमाची अंमलबजावणी दर वद्य एकादशीला होते. तात्या आंघोळ करून कॅमेरा काढतात आणि चुन्याच्या पांढऱ्या भिंतीचे तीन फोटो घेतात. शिवाय धुळीची तपासणी असते. सेन्सरवर कण बसला आहे का हे बघायचं असेल तर लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, म्हणजे एफ २२ला आणून, कोऱ्या आभाळाचा फोटो घ्यायचा. कण असला की करडा ठिपका उमटतो. पद्धत शास्त्रशुद्ध आहे, मोठमोठे फोटोग्राफर हेच करतात. फक्त ते नंतर दुसरेही फोटो घेतात.

मागं एकदा सोन्यानं तात्यांचं कार्ड लॅपटॉपला लावलं. मीही डोकावलो. आभाळ. भिंत. आभाळ. आभाळ. भिंत. ढग आलेलं आभाळ, आणि लगेच त्याच्या जागी ढग गेल्यावरचं. भिंतीवर एकदा पाल आलेली होती. तो तात्यांनी काढलेला एकमेव सजीव प्राणी. काकूंचा एकही फोटो नव्हता. सोन्यानं फायलीत दडलेला शटरचा आकडा काढून दाखवला. पाच वर्षांत ९४०. या कॅमेऱ्याचं शटर कंपनीच्या हिशोबानं एक लाख वेळा उघडझाप होईल इतकं पक्कं. सोन्या बोटं मोजत म्हणाला, “तात्या, ह्या चालीनं अजून पाचशे वर्षं जाईल हा.” तात्या गंभीरपणे म्हणाले, “म्हणून तर म्हणतो, निगा पाहिजे.”

आणि खरी गंमत इथंच आहे. आभाळाच्या त्या फोटोंत ठिपके होते आणि फोटोगणिक ते वाढत गेलेले होते. कारण प्रत्येक आवर्तनाला तात्या लेन्स काढून आत टॉर्च मारून बघणार. आणि कुठं बघणार? अंगणात. आमच्याकडं साखर कारखाने आहेत, गावोगाव गुऱ्हाळं आहेत. हंगामात शेतात पाचट पेटलं की काळी पिसं उडत येऊन वाळवणावर पडतात. वर महामार्ग. उसाचे ट्रॅक्टर दिवसभर माती उडवत जातात. रत्नागिरी-चिपळूणच्या माणसानं बुरशीला भ्यावं; दौंडच्या माणसाचा वैरी धूळ, आणि धुळीला कॅमेऱ्यात शिरायला मोठं दार एकच, ते म्हणजे काढलेली लेन्स. लेन्स लावून ठेवली असती तर तात्यांचा सेन्सर आजही जवळजवळ दुकानातून आल्यासारखा राहिला असता. त्यांनी ओलाव्याला वेशीवर अडवलं आणि धुळीला दर मोसमात पाट मांडून आत बसवलं.

थंडीत तात्यांना सुगी असते. डिसेंबर-जानेवारीत उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात आणि पुण्याची मंडळी पहाटे अंधारात भिगवणला निघतात. महामार्गावर वरवंडला चहाला थांबतात. त्याच सुमाराला तात्या कानटोपी घालून फिरायला बाहेर पडलेले असतात. हातभर लांबीच्या लेन्सा टेबलावर ठेवून बसलेली ती पोरं बघितली की तात्या खुर्ची ओढतात.

“कुठं निघालात?”

“भिगवणला काका, फ्लेमिंगो.”

“हं. सेन्सर कधी साफ केलात?”

पोरं एकमेकांकडं बघतात. इथं एखाद्यानं ‘मागच्या महिन्यात’ असं ठोकून द्यावं आणि उठावं. पण पुण्याची मुलं प्रामाणिक, एक जण म्हणतो, “घेतल्यापासून नाहीच केला.” झालं. तात्या दुसरा चहा मागवतात. कॅमेरा उन्हात ठेवू नये, डिकीत ठेवू नये, खारट हवेत नेला तर ओलसर फडक्यानं पुसून घ्यावा, लेन्सवर तोंडानं फुंकर घालू नये कारण फुंकरीबरोबर थुंकीही जाते, आधी रबरी फुग्यानं हवा मारावी, मग ब्रश, आणि अगदीच गरज पडली तर कापड. कारण कण तसाच ठेवून पुसलं तर चरा पडतो. खरं सांगायचं तर यातलं एक अक्षर चुकीचं नसतं. तात्यांइतकं बिनचूक बोलणारा माणूस पंचक्रोशीत नाही. पण बाहेर पूर्वेला फटफटत असतं, आणि भिगवण अजून पाऊण तास लांब असतं. बोटवाले कुणासाठी थांबत नाहीत. एकदा तर एका मुलानं भीतीपोटी आपली लेन्स तिथंच काढून आत बघितलं, नेमका त्याच वेळी शेजारून वाळूचा डंपर गेला. तात्या म्हणाले, “बघा. सांगत होतो ना?”

आता दुसऱ्या टोकाला सोन्या. सोन्याकडं कॅनन ८०डी. त्याचंही शटर कंपनीच्या हिशोबानं एक लाखाचंच. सोन्या एका लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत तीन हजार फोटो काढतो. म्हणजे तेहतीस-चौतीस लग्नांत लाख पुरे. आणि लग्नं काय, जागरण-गोंधळ, जावळ, एकसष्टी, निवडणुकीचा गुलाल, सगळंच असतं. नवी जोडपी जेजुरीला जातात तेव्हा सोन्या सोबत. गडावर भंडारा उधळला की तो पिवळा धुरळा बटणांच्या फटीत, लेन्सच्या कड्यात, चार्जरच्या खाचेत बसतो. मल्हारीचा प्रसाद म्हणून सोन्या तो काढत नाही. त्याच्या कॅमेऱ्याची हाताखालची रबरी पट्टी घामानं सुटून निघाली तेव्हा त्यानं ती फेविक्विकनं चिकटवली. ती वाकडी बसली, सोबत त्याच्या अंगठ्याची सालही बसली. बॅटरीचं झाकण चिकटपट्टीवर आहे. वरातीत डीजेचा लेसर थेट लेन्समधे आला आणि सेन्सरवर एक उभी हिरवी रेघ कायमची उमटली. लेसरनं सेन्सर असे भाजतात आणि तो डाग कुठल्याही सर्व्हिसिंगनं निघत नाही, सेन्सरच बदलावा लागतो. सोन्या ती रेघ नवरदेवाच्या बाशिंगाआड येईल अशा बेतानं फोटो घेतो. यालाही कसब लागतं.

एका दुपारी तात्या महामार्गाकडं गेले असताना त्यांना पंक्चरवाल्याच्या टपरीसमोर सोन्या उकिडवा बसलेला दिसला. एका हातात लेन्स काढलेला कॅमेरा, दुसऱ्या हातात ट्रकच्या चाकात हवा भरायची नळी.

“आरं, काय करतोस?”

“हवा मारतोय तात्या. धूळ बसलीया.”

“कुठं?”

“कॅमेऱ्यात की. टायरमधी बसल्याव कोण हवा मारतं?”

तात्यांनी नळी हिसकावून घेतली म्हणतात. कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठलेलं असतं, तेलाचा अंश असतो. ते तुषार काचेवर बसले की फुग्यानंही निघत नाहीत. आणि दाब एवढा की बारीक कण उडायच्या ऐवजी आणखी आत जाऊन बसावेत. व्हायचं ते झालंच होतं. त्यानंतरच्या सोन्याच्या प्रत्येक फोटोत आभाळात वरच्या बाजूला ठिपक्यांची एक रांग. व्हिक्टोरिया तलावावर लग्नाआधीचं जे शूटिंग चालतं, त्यातल्या एका नवरीनं विचारलं, “दादा, हे काय?” सोन्या म्हणाला, “पक्षी आहेत मॅडम. संध्याकाळचे घरी निघालेत.” त्या जोडप्यानं तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात लावला आहे.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. हा सगळा छळ सोसून सोन्याचा कॅमेरा चालत होता. त्याच्यावर त्यानं घराचा हप्ता फेडला. तात्यांना याचाच जास्त त्रास व्हायचा. नियम मोडून यंत्र चालतं हे बघवत नाही अशी काही माणसं असतात.

तात्यांचं वार्षिक आवर्तन पुण्याला. एसटीनं स्वारगेट, तिथून बुधवार पेठेत. जिन्याखाली टेबल टाकून बसलेला एक जुना कारागीर आहे, दोन पिढ्यांचे कॅमेरे त्याच्या हाताखालून गेलेले. पहिल्या वर्षी त्यानं तात्यांचा निकॉन हातात घेतला, बटण दाबून आवाज ऐकला, लेन्स उजेडाकडं धरून आरपार बघितली, सेन्सर पुसून दिला, बाहेरून कापड फिरवलं आणि म्हणाला, “चांगला आहे. वापरा.” पैसे किती? “राहू द्या.”

इंजेक्शन न देणाऱ्या डॉक्टरबद्दल आपल्याकडं जो संशय असतो तो तात्यांच्या मनात बसला. “खोलून नाही बघितलंत?” त्यांनी विचारलं. कारागिरानं चष्मा वर केला आणि त्यांना समजावलं. जुना रोलचा कॅमेरा असेल, वीस-पंचवीस वर्षं पडून असेल, तर खोलावाच लागतो. आतल्या कडांचा फोम विरघळून चिकट होतो आणि रोलवर उजेड गळतो. वंगण घट्ट होतं, एक सेकंदाचं शटर दोन सेकंद उघडं राहतं. याला तसलं काही नाही. यात बिघाड असला की तो स्वतःच सांगतो: फोकस चुकतो, बटण अडकतं, पडद्यावर एरर येते. तोवर बाहेरून पुसा, कोरडा ठेवा, सेन्सर मळला तर आणा. “आणि साहेब, एकदा खोललेला कॅमेरा पुन्हा पहिल्यासारखा बसेलच असं नाही. न खोलता भागत असेल तर खोलू नये. लग्नवाल्यांचं वेगळं. ते हाणतात. त्यांनी मोसमाआधी दाखवून जावं. पण ते येत नाहीत. येता ते तुम्ही.”

तात्या उठून आले, पण समाधान झालं नाही. कागद मिळाला नव्हता. फुकट झालेल्या कामाची वहीत नोंद कशी करणार? दुसऱ्या वर्षी पुन्हा गेले. तिसऱ्या वर्षी कारागीर शहाणा झाला. त्यानं कॅमेरा आत नेला, दहा मिनिटं चहा प्यायला, बाहेर येऊन तीनशे रुपये घेतले आणि पावतीवर लिहिलं: ‘जनरल चेकअप. ओके.’ तात्या त्या दिवशी स्वारगेटवरून पेढे घेऊन आले. पावती नोंदवहीला टाचून ठेवली आहे.

त्याच उन्हाळ्यात केडगावच्या एका लग्नात, भटजींनी ‘सावधान’ म्हटलं, अंतरपाट सरला, वाजंत्री लागली, आणि सोन्याच्या कॅमेऱ्यातून ‘खट्’ऐवजी ‘खर्र’ असा आवाज आला. शटरनं मान टाकली. पुढचे फोटो नवरीच्या मामांनी मोबाईलवर काढले. नवरदेवाकडच्या माणसांनी सोन्याला जेवू घातलं, पण वाढताना बोललं कुणी नाही. कॅमेरा बुधवार पेठेत गेला. नवं शटर मागवावं लागलं, त्यात दिवस गेले, आणि तेवढ्यात आषाढीची पालखी आली.

तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम उरकून वरवंडला येते, विठ्ठल मंदिरात रात्र काढते आणि दुसऱ्या दिवशी पाटसवरून रोटी घाट चढून उंडवडीकडं जाते. घाटात रथाला जादा बैलजोड्या लावतात. वरवंडच्या फोटोग्राफरला वर्षातला खरा फोटो तो. सोन्या रडकुंडीला येऊन तात्यांकडं गेला. “तात्या, एक दिवस द्या तुमचा. पुसून देतो.” ‘पुसून देतो’ या शब्दांनीच घात केला असावा. तात्या म्हणाले, “कॅमेरा देणार नाही. मी येतो. मीच काढतो.” घरात एकदम शांतता झाली. काकू हातातली परात खाली ठेवून बघत राहिल्या.

घाटात आम्ही सगळे होतो. बारीक भुरभुर, मधेच ऊन, टाळांचा गजर, वर चढणाऱ्या दिंड्या. तात्यांनी दगडावर पंचा अंथरला. आधी डबा उघडला. मग बॅटरी, ती वेगळ्या डबीत, कारण न वापरता आत ठेवू नये. मग कार्ड; ते आणखी वेगळ्या डबीत. मग लेन्सचं पुढचं झाकण, मागचं झाकण. फुगा. ब्रश. रथ वळणावर दिसायला लागला. सोन्या ओरडत होता, “तात्या, आलं, आलं!” तात्या म्हणाले, “थांब. आधी ठिपका बघू दे.” आणि त्यांनी शिस्तीत एफ २२ लावून आभाळाचा फोटो घेतला.

ठिपके होते. तात्यांनी लेन्स काढली.

बैल फेस गाळत गेले, रथ गेला, चोपदार गेले, ‘ज्ञानोबा-तुकाराम’ घाटमाथ्याला लागलं. काकूंनी पदरानं मोबाईलची काच पुसली आणि एक फोटो काढला. फक्त एकच. त्यात रथ आहे, माना खाली घातलेल्या बैलजोड्या आहेत, रथाला हात लावायला धडपडणारी माणसं आहेत, आणि उजव्या कोपऱ्यात वारीकडं पाठ करून, कॅमेऱ्यात फुग्यानं हवा मारणारे तात्या आहेत. तो फोटो महिनाभर आमच्या अख्ख्या आळीच्या मोबाईलवर झळकत होता. सोन्यानं त्याची मोठी प्रत काढून स्टुडिओत लावली, खाली काकूंचं नाव घालून. तात्यांनी चष्मा लावून ती प्रत जवळून तपासली आणि म्हणाले, “इथं डाग आहे. मोबाईल पुसत नाही नीट.”

सोन्याच्या कॅमेऱ्याला नवं शटर बसलं. कारागिरानं आतून जेजुरीचा भंडारा काढून चिमूटभर पुडीत बांधून दिला, तो सोन्यानं देव्हाऱ्यात ठेवलाय. आता तो दर तुळशीच्या लग्नाआधी कॅमेरा दाखवायला पुण्याला नेतो आणि पंक्चरवाल्याकडं फक्त मोटारसायकल नेतो. तात्यांनी मात्र तिनाची चार आवर्तनं केली आहेत, चौथं वारीनंतरचं.

भिगवणला निघालेल्या मंडळींना एवढीच विनंती, की पहाटेचा चहा यवतला घ्या, नाहीतर सरळ पाटसला. वरवंडला थांबायचंच असेल तर कॅमेरा गाडीत, बॅगेत, चेन लावून ठेवा, आणि कुणी कानटोपीवाल्यानं विचारलंच तर मासे घ्यायला चाललोय म्हणून सांगा.